‘महत्त्व वाढत चालले आहे’ हे इंग्रजीत कसे सांगावे?

श्रोते हो, आजचा विषय व्याकरणाचा आहे, पण त्याची सुरुवात एका मुलाखतीपासून करतो. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट गावचा एक विद्यार्थी आमच्या कॉलेजात शिकत होता. मुलगा हुशार, अक्षर वळणदार, स्वभावाने जरा लाजरा. एका प्रशिक्षणाच्या जागेसाठी त्याची मुलाखत झाली. समोर बसलेल्या साहेबांनी इंग्रजीत विचारले, तुमच्या गावाविषयी काही सांगा. घरी विहिरीवरची शेती; पाण्याची ओढ त्याने लहानपणापासून पाहिलेली. तो मोठ्या उत्साहाने म्हणाला, ‘वॉटर इज बिकमिंग इम्पॉर्टंट इन अवर व्हिलेज.’ त्यावर एक साहेब हसले आणि म्हणाले, ‘म्हणजे कालपर्यंत तुमच्या गावात पाण्याला महत्त्व नव्हते की काय?’

झाले! पोरगा गप्प बसला. पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला येत होती, तीही त्याने दिली नाहीत. जागा गेली. ती केवळ या वाक्यापायी गेली असे मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला, ‘सर, वाक्यात चूक कुठं होती?’

मी ते वाक्य कागदावर लिहून पाहिले. कर्ता बरोबर, क्रियापद बरोबर, काळ बरोबर. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आणि तरीही ते साहेब हसले, आणि खरे सांगायचे तर त्यांचे हसणे असभ्य असले तरी अगदीच निराधार नव्हते. असे का झाले, याचाच आज विचार करू.

‘बिकमिंग इम्पॉर्टंट’ याचा अर्थ ‘महत्त्वाचे होऊ लागले आहे’. म्हणजे पूर्वी नव्हते, आता होत आहे. पाण्याच्या बाबतीत हे कोण म्हणेल? त्या मुलाच्या मनात वेगळेच होते. पाणी महत्त्वाचे होतेच, ते आता अधिक महत्त्वाचे होत चालले आहे, असे त्याला सांगायचे होते. इंग्रजीत त्यासाठी आणखी एक शब्द लागतो. ‘वॉटर इज बिकमिंग मोअर इम्पॉर्टंट’, किंवा त्याहून नीट, ‘मोअर अँड मोअर इम्पॉर्टंट’. हा ‘मोअर’ त्याच्या वाक्यातून गळाला. तो का गळाला, ही खरी मौज आहे.

असे पाहा, आपण मराठीत काय म्हणतो? ‘पाण्याचे महत्त्व वाढत चालले आहे.’ यात ‘अधिक’ असा शब्द कुठेच नाही. वाढीचा सगळा भार आपण क्रियापदावर टाकला आहे. ‘वाढत’ यात वाढ आली आणि ‘चालले आहे’ यात ती थांबलेली नाही, पुढे पुढे जात आहे, हेही आले. तुमच्याकडे घरात अहिराणी बोलत असतील तर आजी म्हणेल, ‘पानीनं मोल वाढी ऱ्हायनं.’ तिथेही काम क्रियापदच करते. पलीकडे नवापूरच्या हद्दीवर गुजराती बोलणारा शेजारी म्हणेल, ‘वधतुं जाय छे.’ हिंदीत ‘बढ़ता जा रहा है’. कोणी चालते, कोणी राहते, कोणी जाते. पण आपल्या या सगळ्या भाषांनी वाढ दाखवण्याचे काम क्रियापदाच्या जोडीकडे सोपवले आहे. इंग्रजीतही क्रियापदाने हे सांगता येते, ते पुढे पाहू; पण गुण सांगणारे विशेषण वापरायचे ठरले की तिथे वाढ विशेषणाला लावावी लागते. आपला मुलगा क्रियापद बरोबर घेऊन गेला आणि वाढ घरी विसरून आला.

यात माझाही दोष आहे, तो कबूल करतो. तीन वर्षे मी त्याच्या वह्या तपासल्या. ‘इम्पॉर्टंट’ची स्पेलिंग चुकली की तांबड्या शाईने गोल काढला. पण या वाक्याचा मराठी अर्थ काय होतो, असे एकदाही विचारले नाही.

आता ‘मोअर अँड मोअर’कडे वळू. शिक्षकबंधूंना हे ठाऊक आहेच, पण उजळणी करण्यात नुकसान नाही. इंग्रजीत लहान विशेषणाच्या शेपटाला ‘अर’ लागतो: ‘बिग’, ‘बिगर’, ‘डीप’, ‘डीपर’. ‘इम्पॉर्टंट’सारख्या लांब शब्दाला शेपूट पेलत नाही, म्हणून त्याच्यापुढे ‘मोअर’ येतो. सतत वाढ दाखवायची तर हीच गोष्ट दोनदा म्हणायची. ‘द वेल इज गेटिंग डीपर अँड डीपर’, विहीर खोल खोल जात आहे. ‘मोअर अँड मोअर इम्पॉर्टंट’ यात फक्त ‘मोअर’ची पुनरुक्ती होते, ‘इम्पॉर्टंट’ची नाही. आणि दोन्ही उपाय एकदम करायचे नाहीत. ‘मोअर डीपर’, ‘मोअर बेटर’ हे आपल्याकडे फार ऐकू येते. एका बैलाला दोन जू लावण्यातला तो प्रकार आहे.

पुनरुक्ती आपल्याला काही नवी नाही. ‘खोल खोल’, ‘लांब लांब’, ‘अधिकाधिक’, ‘उत्तरोत्तर’, ‘दिवसेंदिवस’, हे सगळे शब्द दुहेरीच आहेत. तेव्हा ‘मोअर अँड मोअर’ शिकवताना फळ्यावर आधी ‘अधिकाधिक’ लिहावे. मुलांना ते लगेच कळते. मी हे फार उशिरा सुरू केले.

हाच अर्थ एका शब्दात सांगायचा तर ‘इन्क्रीझिंगली’ असा शब्द आहे. ‘वॉटर इज बिकमिंग इन्क्रीझिंगली इम्पॉर्टंट.’ हा शब्द लेखात, अहवालात, वर्तमानपत्रात शोभतो. बोलताना ‘मोअर अँड मोअर’ बरा. या शब्दाच्या मुळाशी वाढणे या अर्थाचे एक लॅटिन क्रियापद आहे आणि चंद्रकोरीला इंग्रजीत जो ‘क्रेसेंट’ शब्द आहे तो त्याच मुळातून आला आहे. वाढणारा तो चंद्र! आपल्या मराठी मुलखात ही उपमा अपरिचित नाही. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाण्याचीच कल्पना आहे. वर्गात हा शब्द शिकवताना ही आठवण द्यावी. मग ‘इन्क्रीझिंगली’ हा उच्चाराला जड शब्द मुलांच्या तोंडी सहज बसतो, असा माझा अनुभव आहे. मात्र हा शब्द लहान विशेषणाच्या ‘अर’बरोबर जोडू नये. ‘इन्क्रीझिंगली बिगर’ म्हणण्यापेक्षा ‘बिगर अँड बिगर’ म्हणावे.

‘इम्पॉर्टंट’ या शब्दाचीही हकिगत सांगण्यासारखी आहे. आयात मालाला आपण ‘इम्पोर्ट’ म्हणतो ना? दोन्ही शब्दांचे मूळ एकच. ‘आत वाहून आणणे’ असा मूळ लॅटिन अर्थ. जे आपल्याबरोबर काही परिणाम घेऊन येते ते ‘इम्पॉर्टंट’. आपला ‘महत्त्व’ हा शब्द ‘महत्’ म्हणजे मोठे, यावरून आला. ‘महत्’चा ‘त्’ आणि ‘त्व’चा ‘त्’ असे दोन ‘त’ त्यात आहेत; पण शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारातसुद्धा एक ‘त’ अनेकदा गाळलेला असतो. शब्दातच महत्त्व कमी करण्याचा हा प्रकार, दुसरे काय!

इतके झाल्यावर आता आपल्या मुलांच्या वहीतली सर्वांत जुनी चूक घेऊ. ‘पाण्याचे महत्त्व वाढले आहे’ याचे भाषांतर दहांपैकी कितीतरी मुले ‘इम्पॉर्टन्स ऑफ वॉटर इज इन्क्रीझ्ड’ असे करतात. कारण उघड आहे. ‘आहे’ म्हणजे ‘इज’ हे पहिल्या दिवशी शिकवलेले असते आणि ते जन्मभर पुरते. पण ‘वाढले आहे’ मधला ‘आहे’ हा निराळा. घागर भरलेली आहे, यातला ‘आहे’ वस्तूची स्थिती सांगतो. महत्त्व वाढले आहे, यातला ‘आहे’ घडून गेलेली पण आजवर टिकलेली गोष्ट सांगतो. त्यासाठी इंग्रजीत ‘हॅज’ हवा: ‘द इम्पॉर्टन्स ऑफ वॉटर हॅज इन्क्रीझ्ड.’ अजून वाढतच आहे असे म्हणायचे तर ‘इज इन्क्रीझिंग’ किंवा ‘इज ग्रोइंग’. आणि काही काळापासून सतत वाढत आले आहे असे म्हणायचे तर ‘हॅज बीन ग्रोइंग’.

याला आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. नंदुरबार ही जुनी पेठ, सुरत आणि बऱ्हाणपूर यांच्या वाटेवरची. आज मिरचीच्या बाजारासाठी तिचे नाव दूरवर आहे. 1998 साली 1 जुलै रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला आणि शहराला जिल्ह्याच्या ठिकाणाचा मान आला. आता दोन वाक्ये ऐका. ‘नंदुरबार ग्रू इन इम्पॉर्टन्स आफ्टर 1998.’ दुसरे, ‘नंदुरबार हॅज बीन ग्रोइंग इन इम्पॉर्टन्स सिन्स 1998.’ पहिल्या वाक्यात जिल्हा झाल्यानंतर महत्त्व वाढले, इतकीच इतिहासातली नोंद आहे. पुढे काय झाले हे वाक्य सांगत नाही. दुसऱ्यात तेव्हापासून सुरू झालेली वाढ आजही चालू आहे. ‘आफ्टर’ आणि ‘सिन्स’ या दोन शब्दांत हा फरक आहे आणि मराठीत आपण दोन्ही ठिकाणी ‘नंतर’ वापरून मोकळे होतो, म्हणून मुलांना तो जाणवत नाही. त्यांना ‘नंतर’ आणि ‘तेव्हापासून’ असे दोन शब्द वेगळे काढून द्यावेत. ‘ग्रो इन इम्पॉर्टन्स’ ही शब्दजोडीही पाठ करून ठेवण्यासारखी आहे. इथे इंग्रजीदेखील आपल्यासारखी वाढ क्रियापदात घालते, त्यामुळे ‘मोअर’ विसरण्याची भीती राहत नाही. ज्याला मुलाखतीत धडधडते त्याने हीच वाट धरावी.

‘दिवसेंदिवस’ या शब्दाबद्दल दोन शब्द. याचे ‘डे बाय डे’ असे भाषांतर आपण हमखास करतो. ते चूक नाही. ‘इट इज ग्रोइंग डे बाय डे’ हे शुद्ध इंग्रजी आहे. पण प्रत्येक निबंधाच्या पहिल्या ओळीत ‘डे बाय डे’ आले की तपासणाऱ्याला झोप येते. मी तपासणारा आहे, म्हणून सांगतो. आणि ‘वॉटर इज डे बाय डे इम्पॉर्टंट’ हे मात्र चूकच, कारण त्यात वाढ सांगणारा शब्दच नाही. शिवाय थोडा विचार करावा: ती गोष्ट खरोखर रोज वाढते का? विहिरीचे पाणी वर्षागणिक खाली जात असेल तर ‘इयर बाय इयर’ म्हणावे. आपल्या ‘वर्षागणिक’ला तो नेमका जोड आहे.

काही मुले ‘व्हेरी’ आणि ‘टू’ यांत घोटाळा करतात. ‘टू इम्पॉर्टंट’ म्हणजे ‘फार महत्त्वाचे’ नव्हे, ‘गरजेपेक्षा जास्त महत्त्वाचे’. चहात साखर ‘टू’ झाली म्हणजे चहा ओतून द्यावा लागतो. एवढे सांगितले की पुरे.

शब्दशः भाषांतराचा एक गमतीदार खड्डा आहे, तोही दाखवतो. आपण म्हणतो, ‘तालुक्यात भाऊंचे वजन वाढले आहे.’ हे कौतुक आहे. त्याचे इंग्रजी ‘हिज वेट हॅज इन्क्रीझ्ड’ असे केलेत तर भाऊंनी जेवण कमी करावे, असा अर्थ होईल. इंग्रजीतही वजनाची कल्पना आहे, पण ती निराळ्या रीतीने येते: ‘हिज वर्ड कॅरीज वेट’, म्हणजे त्यांच्या शब्दाला वजन आहे. ते वाढत असेल तर ‘मोअर वेट’ म्हणावे. इंग्रजी माणूस ‘गेनिंग ग्राउंड’ असेही म्हणतो. शब्दशः अर्थ जमीन काबीज करत पुढे सरकणे. ही लढाईतली भाषा आहे. एखादा विचार, एखादी पद्धत लोकांत पसरू लागली की ती ‘गेनिंग ग्राउंड’. ठिबक सिंचनाला हे शोभेल, पाण्याला शोभणार नाही. पाण्याने जमीन काबीज केली म्हणजे पूर आला!

आणखी एक शब्द ‘प्रॉमिनंट’. मुलांना वाटते, ‘इम्पॉर्टंट’ आणि ‘प्रॉमिनंट’ एकच. तसे नाही. जो उठून दिसतो तो ‘प्रॉमिनंट’. ज्याच्यावाचून अडते तो ‘इम्पॉर्टंट’. गावात पुढारी ‘प्रॉमिनंट’ असतो आणि वायरमन ‘इम्पॉर्टंट’. ऐन उन्हाळ्यात पिकाला पाणी द्यायच्या रात्री वीज गेली की हा फरक कोणालाही शिकवावा लागत नाही.

त्या मुलाच्या प्रकरणानंतर मी एकदा कोरीटला गेलो. शाळेच्या ओट्यावर दोन शिक्षक, पाचसहा मुले आणि काही शेतकरी मंडळी बसली होती. मी हाच विषय काढला. फळ्यावर ‘पाण्याचे महत्त्व वाढत चालले आहे’ असे लिहून मुलांकडून इंग्रजी करून घेत होतो. ओट्याच्या कडेला एक वृद्ध शेतकरी बसले होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘सर, रागावू नका, पण तुमचं मराठी वाक्यच बरोबर नाही. पाण्याचं महत्त्व काय वाढणार? ते माझ्या आज्याच्या वेळेला होतं तेवढंच आहे. पाणी कमी झालं, विहिरी खोल गेल्या, मोटारी वाढल्या. ते लिहा की.’

मी क्षणभर निरुत्तर झालो. मग लक्षात आले की आप्पांनी त्या साहेबांचाच प्रश्न वेगळ्या तोंडाने विचारला होता. फरक इतकाच की साहेब हसले होते आणि आप्पांनी उत्तरही दिले. ‘महत्त्व वाढत आहे’ हे वाक्य, मराठीत असो वा इंग्रजीत, पुष्कळदा खरी गोष्ट झाकून ठेवते. काय बदलले, कोणामुळे बदलले, किती बदलले, यातले ते काहीच सांगत नाही. आपल्या सरकारी मराठीत तर ‘अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे’ असे एक ठरीव वाक्य आहे. ते झाडांनाही लावतात, शौचालयालाही लावतात आणि संगणकालाही लावतात. माझ्या मते, ज्या गोष्टीबद्दल सांगायला माणसाजवळ काही नसते तिथे तो हे वाक्य वापरतो. इंग्रजी वर्तमानपत्रांतला ‘इन्क्रीझिंगली इम्पॉर्टंट’ही त्याच कुळातला. शब्द शिकावा जरूर, पण त्याच्या पाठोपाठ ‘कशामुळे?’ असा प्रश्न स्वतःला विचारावा आणि त्याचे उत्तर पुढच्याच वाक्यात द्यावे.

हे कारण जोडून सांगण्याची इंग्रजीत एक फार सुरेख रचना आहे. आप्पांचे म्हणणे मी त्या रचनेत फळ्यावर लिहिले: ‘द डीपर द वेल, द डिअरर द वॉटर.’ विहीर जितकी खोल, तितके पाणी मोलाचे. यातला ‘द’ हा आपला नेहमीचा ‘द’ नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘तितक्याने’ अशा अर्थाचे सर्वनामाचे एक रूप होते, त्याचा हा अवशेष आहे. म्हणून ‘द’ आणि ‘द’ म्हणजे आपले ‘जितका’ आणि ‘तितका’. क्रियेबरोबर आले तर ‘जसजसे’ आणि ‘तसतसे’. ‘द मोअर वी पंप, द लेस वी गेट.’ जसजसा उपसा वाढतो, तसतसे पाणी कमी मिळते. या वाक्यांत ‘महत्त्व’ हा शब्द एकदाही आला नाही आणि तरीही ऐकणाऱ्याला महत्त्व कळल्यावाचून राहत नाही. मुलाखतीत आपल्या विद्यार्थ्याने हे वाक्य म्हटले असते तर साहेबांनी पुढचा प्रश्न पाण्याविषयीच विचारला असता.

याच्याच जवळचे ‘ऑल द मोअर’. ‘यंदा पाऊस कमी झाला, म्हणून शेततळे अधिकच महत्त्वाचे’, इथे ‘ऑल द मोअर इम्पॉर्टंट’. कारण आधी सांगून झालेले असेल तेव्हाच हा शब्दप्रयोग करावा. कारणावाचून तो लटकतो.

शिक्षकांना एक विनंती आहे. 2000 सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आले. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे, आणि त्याहून आधीच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसल्या. त्या जुन्या पद्धतीला आज नावे ठेवण्याची रीत आहे. पण तिच्यात एक गुण होता: प्रत्येक इंग्रजी वाक्याला मराठी वाक्याच्या शेजारी उभे राहावे लागे. हल्ली मूल इंग्रजी वाक्य इंग्रजी म्हणून पाठ करते आणि त्याचा अर्थ तपासून पाहण्याची सवय लागत नाही. माझी सूचना इतकीच की आठवड्यातून एकदा उलट भाषांतर करून घ्यावे. मुलाने स्वतः लिहिलेले इंग्रजी वाक्य त्यालाच मराठीत, आणि घरी अहिराणी, गुजर बोली किंवा भिल्ली असेल तर त्या बोलीत, सांगायला लावावे. ‘बिकमिंग इम्पॉर्टंट’चा अर्थ घरच्या बोलीत सांगताना त्या मुलाला आपली चूक स्वतःच ऐकू आली असती. आजीला असे वाक्य सांगून पाहा, ती लगेच विचारील, ‘मग आधी नव्हतं का रे?’

त्या दिवशी कोरीटला शेवटी मी मुलांना सांगितले, वाढणारी किंवा घटणारी कोणतीही एक गोष्ट घ्या आणि एक इंग्रजी वाक्य करा. एकाने मिरचीचा भाव घेतला, एकाने मोबाइलचा नाद घेतला. सातवीतली एक मुलगी बराच वेळ पाटीकडे पाहत बसली होती. तिने लिहिले: ‘द वेल इज गोइंग डीपर अँड डीपर, बट अवर रोप इज द सेम.’ शेजारच्या गुरुजींनी मला हळूच विचारले, ‘द सेम’ चालेल का, की ‘अॅज लाँग अॅज बिफोर’ असे हवे? मी म्हटले, दोन्ही शुद्ध आहेत, पण तिचेच राहू द्या.